कांकणे आहेत, आरसा नाही

पाँपेईच्या उत्खननात १९३८ च्या ऑक्टोबर महिन्यात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. उंची सुमारे २४ सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत. कमरेची मेखला आणि अंगभर दागिने, याखेरीज तिच्या देहावर काही नाही. मनगटापासून कोपराकडे हात कांकणांनी भरलेले, घोट्यापासून गुडघ्यांकडे चढत गेलेले वाळे. एका पायावर दुसऱ्या पायाचा तिढा टाकून ती उभी आहे. दोन्ही अंगांना दोन ठेंगण्या दासी आहेत, त्यांच्या हातांत प्रसाधनाची भांडी. मूर्ती चहूबाजूंनी कोरलेली, पाठीवरचा केशसंभारही सुटलेला नाही. आणि मस्तकात वरून खाली पाडलेले एक भोक.

या भोकामुळे तिला गेली ऐंशीहून अधिक वर्षे ‘आरशाची मूठ’ म्हटले जाते. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. इथे कांकणे डोळ्यांसमोर आहेत. त्या मुठीवर बसणारा आरसा मात्र कोणाच्याही हाती लागलेला नाही. तो कधी काळी होता का, हा या लेखाचा प्रश्न. दिसायला लहान आहे. पण त्याचा माग काढू लागले की वाट नेपल्सहून काबूलजवळच्या बेग्रामला जाते आणि तिथून मराठवाड्यात, भोकरदन आणि तेर या दोन गावांत येऊन थांबते.

आधी जे पक्के आहे ते वेगळे काढू. मूर्ती सापडली ती शहराच्या पहिल्या विभागातील आठव्या गृहसमूहात. तिथल्या एका घराला आज ‘भारतीय मूर्तीचे घर’ याच नावाने ओळखतात. उत्खनन आमेदेओ मायुरी यांच्या देखरेखीखाली चालले होते. मूर्ती सध्या नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, नोंद क्रमांक १४९४२५. इथवर शंकेला जागा नाही.

काळाची एक बाजूही तितकीच पक्की. व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पाँपेई गाडले गेले ते इ. स. ७९ मध्ये. महिन्याबद्दल मात्र वाद आहे. धाकट्या प्लिनीने इतिहासकार टॅसिटसला लिहिलेल्या पत्राच्या हस्तलिखितांवरून २४ ऑगस्ट ही तारीख रूढ झाली होती. २०१८ मध्ये एका घराच्या भिंतीवर कोळशाने खरडलेला मजकूर मिळाला. त्यातली तिथी १७ ऑक्टोबरशी जुळते. कोळशाचे अक्षर भिंतीवर वर्षानुवर्षे टिकत नाही, म्हणून ते त्याच वर्षीचे असावे आणि उद्रेक त्यानंतरचा, असा युक्तिवाद केला जातो. आपल्या कामापुरता हा फरक महत्त्वाचा नाही. मूर्ती ७९ सालापूर्वी घडली, समुद्र ओलांडून इटलीत पोचली आणि त्या घरात आली, एवढे निश्चित. प्राचीन भारतीय कलावस्तूंपैकी फारच थोड्यांना काळाची इतकी ठाम वरची मर्यादा लाभली आहे. खालची मर्यादा मात्र तिला नाही. ती उद्रेकाच्या दहा वर्षे आधी घडली की शंभर, हे राखेच्या थरावरून कळत नाही.

मायुरींनी मूर्तीचा परिचय ‘ले आर्ती’ या नियतकालिकात १९३८–३९ मध्ये प्रसिद्ध केला. मूर्ती भारतीय कलेची आहे हे त्यांनी अचूक ओळखले. तिला त्यांनी लक्ष्मी ठरवले आणि मस्तकातल्या भोकावरून ती आरशाची मूठ असावी असे सुचवले. या दोन निष्कर्षांचा पुढचा प्रवास वेगवेगळा झाला. ‘लक्ष्मी’वर अभ्यासकांनी लवकरच शंका घेतली. हत्तींचा अभिषेक नाही, कमळ नाही; जे आहे ते सांची-भरहूतच्या यक्षींशी अधिक जुळणारे. ‘मूठ’ मात्र बराच काळ टिकली. एक लेखक दुसऱ्याच्या आधारावर लिहितो, दुसरा तिसऱ्याच्या, आणि ‘असावी’चे ‘आहे’ कधी झाले ते लक्षातही येत नाही. म्हणून मूळ अनुमानाकडे परत जाऊन ते पारखणे भाग आहे.

अनुमान निराधार नव्हते. धातूच्या आरशाची जुनी घडण डोळ्यांपुढे आणली की ते पटते. तुर्कस्तानातल्या चातालह्योयुक येथील सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे ज्वालामुखी काचेचे आरसे तळहातावर धरण्याजोगे आहेत. त्यांना मूठ नाही. तांबे आणि काशाचे आरसे आले तशी गोष्ट बदलली. तबकडी ओतताना तिच्या एका कडेला जीभ ठेवायची आणि ती जीभ लाकडाच्या, हाडाच्या किंवा हस्तिदंताच्या मुठीतल्या भोकात बसवायची. हडप्पाच्या दफनभूमीत तांब्याचे असे आरसे मिळाले आहेत. तिथे तबकडी उरली, जीभ उरली, मूठ मात्र मातीत विरून गेली. पाँपेईत याच्या नेमके उलट घडले, असे मायुरींचे म्हणणे मान्य केले तर म्हणावे लागेल: मूठ उरली, तबकडी गेली.

पाँपेईच्या लोकांकडे कोणते आरसे होते, याचे सर्वांत तपशीलवार लेखी साधन म्हणजे थोरल्या प्लिनीचा ‘नॅचुरालिस हिस्टोरिया’ हा ग्रंथ. जुन्या काळी ब्रुंदिसियमचे आरसे उत्तम मानले जात, ते तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाचे; पुढे चांदीचे आरसे आले, पाँपे या सेनापतीच्या काळात पासितेलेस नावाच्या कारागिराने ते प्रथम केले; आणि नंतर तर घरातल्या दासीसुद्धा चांदीचे आरसे वापरू लागल्या, असे तो सांगतो. सिडॉनच्या काचकारांनी काचेचे आरसे शोधून काढल्याची नोंदही त्याचीच. ‘प्रथम’ म्हणून केलेले त्याचे दावे जपून घ्यावे लागतात, कारण असे दावे तो ऐकीव माहितीवरही करतो. स्वतःच्या हयातीत घरोघरी काय होते याबद्दल मात्र तो प्रत्यक्ष साक्षीदार आहे. आणि हा साक्षीदार गेला तोही त्याच उद्रेकात, पाँपेईजवळच्या स्टॅबियाच्या किनाऱ्यावर. रोमन आरशांची कैफियत लिहिणारा माणूस आणि ज्या मूर्तीला आपण आरशाची मूठ म्हणतो ती मूर्ती, दोघांचा शेवट एकाच आपत्तीत झाला.

तेव्हा अशा श्रीमंत, आरशांची हौस असलेल्या शहरात, डोक्यात भोक असलेली आणि शेजारी शृंगाराची भांडी घेतलेल्या दासी असलेली मूर्ती मिळाल्यावर मायुरींना आरसा आठवला, यात नवल नाही. आता त्या आठवणीची परीक्षा घेऊ.

पहिली परीक्षा वाचक स्वतः करू शकेल. मोजपट्टी घ्यावी आणि स्वतःच्या मुठीची रुंदी मोजावी. ती आठ-दहा सेंटिमीटरच्या आसपास भरेल. २४ सेंटिमीटर लांबीच्या मुठीचा निम्म्याहून अधिक भाग हाताबाहेर राहील आणि त्याच्याही वर धातूची जड तबकडी. आरसा चेहऱ्यासमोर धरायचा तर हात खूप खाली न्यावा लागेल आणि वरचे वजन मनगटाला ओढत राहील. यावरून ही मूठ असणे अशक्य ठरत नाही. गैरसोयीचे मात्र नक्कीच ठरते.

दुसरी परीक्षा आकाराची. मुठीचा गाभा सडसडीत असतो, बोटांना वळसा घालता येईल असा. इथे खालच्या भागात, जिथे हात पडायचा, तिथेच दोन दासी दोन्ही बाजूंना पुढे आल्या आहेत. वर वाकवलेल्या हाताचे कोपर बाहेर आलेले. मूर्ती हातात घट्ट धरण्यासाठी नव्हे, उभी ठेवून चारही बाजूंनी पाहण्यासाठी केलेली दिसते. याच दिशेने विचार करून एलिझाबेथ ड्यूरिंग कास्पर्स यांनी १९८१ मध्ये मूर्तीच्या उपयोगाचा प्रश्न नव्याने मांडला. त्यांच्या मते ती एखाद्या छोट्या मेजाचा आधार असावी आणि तिच्यासारख्या आणखीही मूर्ती त्या मेजाला असाव्यात. मस्तकातले भोक मग आरशाच्या जिभेसाठी नाही, वरच्या फळीशी सांधा जोडणाऱ्या खुंटीसाठी.

तिसरा पुरावा मूर्तीच्या तळाशी आहे. तिथे एकच अक्षर कोरलेले आहे. ते खरोष्ठी लिपीतले आहे आणि अभ्यासकांनी ते ‘शि’ असे वाचले आहे. मालकाचे नाव कोरायचे तर एका अक्षरावर कोणी थांबत नाही. मग हे काय? याचा जबाब बेग्रामला मिळतो. काबूलच्या उत्तरेला असलेल्या या ठिकाणी जोसेफ हॅकिन आणि त्यांच्या पत्नी रिया यांनी १९३७ आणि १९३९ मध्ये बंद करून टाकलेल्या दोन खोल्या उघडल्या. त्यांत रोमन काचसामान, चिनी लाखकाम आणि भारतीय हस्तिदंतकामाचा मोठा साठा होता. तिथले हस्तिदंत मुख्यतः आसने आणि इतर लाकडी सामानावर जडवलेले होते. मकरावर उभ्या असलेल्या स्त्रियांच्या मूर्ती हाही अशाच सामानाचा भाग मानला जातो. या तुकड्यांच्या न दिसणाऱ्या बाजूंवर खरोष्ठी आणि ब्राह्मी अक्षरांच्या खुणा आहेत. कोणता तुकडा कुठे बसवायचा हे कारागिराला कळावे म्हणून केलेल्या त्या खुणा. आपल्याकडे सुतार चौकटीच्या लाकडांवर खिळ्याने रेघा ओढून ठेवतो, त्याच जातीच्या.

पाँपेईच्या मूर्तीखालचे अक्षर असेच जुळणीचे चिन्ह असेल, तर ती एकटी नव्हती, संचातली एक होती. आरशाला मूठ एकच लागते. तिथे जुळणीची खूण करण्याचे कारण नाही. माझ्या मते मुठीच्या अनुमानाविरुद्धचा सर्वांत वजनदार पुरावा हाच आहे. तरी त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. एका कारखान्यात एकाच वेळी अनेक मुठी आणि अनेक तबकड्या होत असतील, तर कोणती तबकडी कोणत्या मुठीत बसवायची यासाठीही खूण लागू शकते. शक्यता दुबळी आहे, पण ती खोडून काढणारे साधन नाही. बेग्रामचा साठा ताडून पाहण्याची वाटही अरुंद झाली आहे, कारण १९९० च्या दशकातल्या यादवीत काबूलच्या संग्रहालयाची लूट झाली. चोरीला गेलेल्या हस्तिदंतांपैकी काही परत आले, सगळे आले नाहीत.

आता मुठीच्या बाजूने जे बोलता येते तेही ऐकून घेऊ. मूर्तीचा विषय शृंगार हाच आहे, याबद्दल दुमत नाही. प्राचीन भारतीय कलेत प्रसाधनाची सामग्री घेऊन येणारी दासी ही ओळखीची व्यक्तिरेखा. वाराणसीच्या भारत कला भवनातली मथुरेची ‘प्रसाधिका’ प्रसिद्ध आहे. या प्रसंगात आरसा कसा येतो ते आपल्या अजिंठ्यातच दिसते: सतराव्या लेण्यात हातात गोल आरसा घेतलेली राजस्त्री आहे आणि तिच्या आजूबाजूला सेवेतल्या स्त्रिया. ते चित्र पाचव्या शतकातले, म्हणजे आपल्या मूर्तीनंतर चारशे वर्षांनी काढलेले. म्हणून त्याला पुरावा न मानता फक्त समांतर उदाहरण मानावे. ग्रंथांतला आरसा याहून जुना आहे. छांदोग्य उपनिषदाच्या आठव्या अध्यायात पाण्यात आणि आरशात दिसणाऱ्या प्रतिबिंबाची चर्चा आहे. तिथला शब्द ‘आदर्श’, ज्यापासून प्राकृतातून आपला ‘आरसा’ आला. वात्स्यायनाच्या कामसूत्रातला नागरक सकाळी आरशात तोंड पाहिल्यावाचून दिवसाच्या कामाला लागत नाही.

भारतीय आरसे दूरवर जात होते, यालाही आधार आहे. अल्ताई पर्वताच्या परिसरात आणि दक्षिण उरलकडे भटक्या टोळ्यांच्या थडग्यांत काशाचे काही आरसे मिळाले आहेत. त्यांच्यावर स्त्रिया आणि हत्ती कोरलेले आहेत, आणि दोन पत्र्यांच्या पोकळीतल्या गोळ्यांमुळे ते हलवले की वाजतात. रशियन अभ्यासक यारोस्लाव वासिल्कोव्ह यांनी संस्कृत साधनांच्या मदतीने त्यांचा भारताशी संबंध दाखवला असून त्यांचा काळ मौर्यांपूर्वीचा मानला आहे. तेव्हा भारतीय आरसा पाँपेईला जाणे मुळात असंभव नाही. पण ‘जाऊ शकला असता’ आणि ‘गेला’ यांत अंतर आहे, आणि ते भरून काढणारी तबकडी समोर नाही.

इथून प्रश्न दुसऱ्या अंगाने पुढे जातो. मूठ असो की मेजाचा पाय, ही मूर्ती कोरली कुठे? मिरेला लेव्ही दांकोना यांनी १९५० मध्ये ‘आर्टिबस एशिए’ या नियतकालिकात तिची सविस्तर चिकित्सा केली आणि शैलीवरून तिला मथुरेच्या बाजूला नेले. खरोष्ठी अक्षरामुळे काहींना वायव्य प्रांत, म्हणजे गांधाराचा प्रदेश, अधिक जवळचा वाटला. दख्खनचे नाव तोवर पुढे आले नव्हते, कारण तुलनेसाठी दख्खनमधली वस्तूच माहीत नव्हती.

ती आली तेरहून. धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेच्या काठचे तेर बहुतेकांना गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक आहे. इतिहासात त्याची ओळख त्याहून सुमारे बाराशे वर्षांनी जुनी. पहिल्या शतकाच्या मध्याला एका ग्रीक भाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे मोठे नगर सांगितले आहे. शिलाहार राजे आपल्याला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत. ते तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले आणि आज ते सर्वमान्य आहे. या गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतांत आणि पांढरीच्या टेकाडांवर मिळणाऱ्या वस्तू जपून ठेवल्या. त्यांच्या संग्रहातूनच तिथले वस्तुसंग्रहालय उभे राहिले. त्या संग्रहात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती होती. मोतीचंद्र यांनी १९६० मध्ये ‘ललित कला’ या नियतकालिकात तिच्यावर लेख लिहिला, आणि पाँपेईच्या मूर्तीशी असलेले तिचे नाते अभ्यासकांच्या नजरेत आले.

या पुराव्याचे वजन किती? शैलीचे साम्य डोळ्यांना दिसते. पण मूर्ती थरातून आलेली नाही, संग्रहातून आलेली आहे. तिच्यासोबत कोणती नाणी होती, कोणती खापरे होती, हे सांगणारी नोंद नाही. लामतुऱ्यांनी ती जपली नसती तर आज काहीच हाती नसते, हे कृतज्ञतेने मान्य करूनही एवढेच म्हणता येते की तेरला अशी वस्तू होती. ती केव्हाची आणि तिथेच घडली का, हे तिच्यावरून सिद्ध होत नाही.

ही उणीव पुढे भोकरदनने काही अंशी भरून काढली. जालना जिल्ह्यातले केळणा नदीवरचे हे गाव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. भरहूत आणि सांची येथील स्तूपांना देणग्या देणाऱ्यांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत. दगडावर कोरलेली ती नावे आजही वाचता येतात. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून इथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांचा अहवाल १९७४ मध्ये निघाला. सातवाहनकालीन अवशेषांत हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा भाग मिळाला, आणि तिच्याही दोन बाजूंना परिचारिका होत्या. पाँपेईची रचना दख्खनमध्ये प्रथमच शास्त्रशुद्ध उत्खननातून समोर आली. तेव्हापासून पाँपेईची मूर्ती सातवाहन प्रदेशात घडली असावी, हे मत मथुरेच्या मताइतकेच, किंबहुना त्याहून अधिक गांभीर्याने घेतले जाते.

पण मग खरोष्ठी अक्षराचे काय? दख्खनची लिपी ब्राह्मी. नाशिक, कार्ले, जुन्नर, कान्हेरी, सगळीकडे ब्राह्मी. दख्खनच्या कारागिराने खरोष्ठीत खूण का करावी? मराठवाड्याच्या बाजूने बोलणाऱ्याला ही अडचण टाळता येणार नाही.

तिचे एक उत्तर नाण्यांत दडलेले आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तिन्ही लिप्यांत मजकूर आहे. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये त्याची तेरा हजारांहून अधिक नाणी एका ठेव्यात मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाचा जावई उषवदात नाशिकच्या दहाव्या लेण्यातल्या लेखात भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथील आपल्या दानधर्माची नोंद करतो. म्हणजे भडोचपासून नाशिक-सोपाऱ्यापर्यंत अशी राजवट होती, जिच्या टांकसाळीत खरोष्ठी चालत होती. नहपानाचा नेमका काळ वादग्रस्त आहे. पेरिप्लसमधला ‘मांबानोस’ हा राजा म्हणजे नहपान असे मानले, तर तो पहिल्या शतकाच्या मध्याला, पाँपेईच्या शेवटच्या पिढीच्या काळात येतो.

पेरिप्लस मार्गही सांगतो. पैठण आणि तगर येथील माल गाड्यांवर लादून बिकट वाटेने भडोचला नेला जाई. कोकणातले कल्याण हे जवळचे बंदर पूर्वी खुले होते. पण त्या काळी तिथे चुकून लागलेली ग्रीक गलबतेसुद्धा पहाऱ्यात भडोचला नेली जात. भडोचहून निघणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे, आणि येणाऱ्या मालाच्या यादीत तांबे, कथील आणि शिसे आहे. भोगवर्धनात किंवा तगरात कोरलेला तुकडा भडोचला, खरोष्ठी लिहिता येणाऱ्या माणसाच्या हाताखाली, इतर तुकड्यांशी जुळवला गेला असेल, तर अक्षराचा आणि शैलीचा मेळ बसतो. हा माझा अंदाज आहे, पुरावा नव्हे. वायव्येतला कारागीर दख्खनमध्ये आला, किंवा दख्खनी नमुना उत्तरेत कोरला गेला, या शक्यताही तितक्याच खुल्या आहेत.

शेवटी व्यापाराच्या कागदांकडे वळू. व्हिएन्नात जपलेल्या दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर मुझिरिस या भारतीय बंदरातून आलेल्या ‘हर्मापोलोन’ या जहाजाच्या मालाचा हिशेब आहे. १९८५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यात हस्तिदंत आहे, अख्ख्या सुळ्यांच्या आणि तुकड्यांच्या रूपात, जकातीसाठी किंमत ठरवलेला. पेरिप्लसही नुसते ‘हस्तिदंत’ म्हणतो. दोन्हीकडे दिसतो तो कच्चा माल. भारतात कोरलेला हस्तिदंत रोमन जगात जात होता, याची साक्ष या हिशेबांत नाही. ती देते ही २४ सेंटिमीटरची मूर्ती. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी तक्रार थोरल्या प्लिनीने केली आहे. त्या रकमेच्या बदल्यात इटलीच्या घरांत काय आले, हे एवढ्या जवळून दाखवणाऱ्या वस्तू विरळा.

आता हाती आलेले तीन ढिगांत लावू. मूर्ती भारतीय आहे, ७९ सालापूर्वीची आहे, तिचा विषय शृंगार आहे, मस्तकात भोक आणि तळाशी खरोष्ठी अक्षर आहे: हे निश्चित. ती लक्ष्मी नाही. ती एकटी नव्हती, एखाद्या संचाचा आणि बहुधा लाकडी सामानाचा भाग होती. आणि तिचे सर्वांत जवळचे नातेवाईक दख्खनमध्ये आहेत: हे संभाव्य, आणि माझ्या मते बरेच संभाव्य. ती नेमकी कोणत्या गावी कोरली, कोणत्या बंदरातून निघाली आणि पाँपेईच्या त्या घरात कोणी विकत आणली: हा निव्वळ तर्क. ‘आरशाची मूठ’ हे नाव पहिल्या ढिगात कधीच नव्हते. दुसऱ्या ढिगातही त्याची जागा आता राहिलेली नाही. संग्रहालयांच्या पाट्यांवर आणि आपल्या पुस्तकांत ते लिहायचेच असेल, तर पुढे प्रश्नचिन्ह घालून लिहावे.

निकाल पक्का करू शकेल अशी एक वस्तू होती. मोजून नोंदलेल्या थरातून आलेली भोकरदनची मूर्ती. तिच्या मस्तकात तसेच भोक आहे का, असले तर केवढे, हे पाहिले असते तर मूठ की पाय हा वाद बराच मिटला असता. पण भोकरदनला मिळाला तो मूर्तीचा फक्त खालचा भाग. पाय आहेत, दोन बाजूंच्या परिचारिका आहेत, मस्तक नाही.